मधली जागा

घडी घातलेलं पुठ्ठ्याचं खोकं दोन्ही हातांनी उभं केलं की त्याच्या आतून एक कोरडा, किंचित गोडसर वास येतो, भिजून वाळलेल्या कागदाचा, जुन्या पेंढ्याचा. आणि क्षणभर वाटतं, आपण एक इवलीशी खोली बांधली, जिथे अजून कुणीच राहायला आलेलं नाही. चार भिंती, खाली जमीन, वर उघडं आकाश. या खोलीत आज आमसुलांची दोन पाकिटं, कोकमाच्या आगळाची एक बाटली आणि तिरफळांची पुडी बिऱ्हाड करणार, आणि उद्या ही खोली फोंडा घाट चढून, कोल्हापूर मागे टाकून, मी कधीही न पाहिलेल्या एखाद्या दाराशी जाऊन थांबणार. ते दार निळं असेल की तपकिरी, त्यावर तोरण असेल की नुसती नावाची पाटी, कोण जाणे.

धंदा नवा आहे. कुडाळजवळच्या आमच्या घराच्या ओटीवर तो चालतो. एका बाजूला वजनकाटा, दुसऱ्या बाजूला बबल रॅपचं भलंमोठं भेंडोळं, मध्ये बसकर टाकून मी. फोन किणकिणला की ऑर्डर आली. मग टेपचा तो चर्रर्र आवाज, जो ऐकून मांजर सुरुवातीला माडीवर पळायची आणि आता डोळाही उघडत नाही.

पॅकिंग करताना हात कामात असतात आणि मन मोकळं. पाकीट हातात घेतलं की बोटांना आतली आमसुलं कळतात, मऊ, चामट, एकमेकांना बिलगलेली. एप्रिल-मेच्या तापात रातांबे पिकतात, झाडाखाली लाल सडा पडतो, पावसाच्या आधी सगळं उरकायचं म्हणून घराघरात घाई उडते. फळ फोडायचं, बिया आणि गर वेगळा करायचा, सालं मीठ घातलेल्या त्याच रसात बुडवायची आणि उन्हात पसरायची. वाळली की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. लाल रंग दर फेरीला गडद होत जातो, जांभळ्याकडे झुकतो, शेवटी जवळजवळ काळा होतो. इतकं ऊन प्यायलेली ही सालं बेंगळुरूच्या एखाद्या दहाव्या मजल्यावर कढत आमटीत पडतील तेव्हा त्यातून काय सुटत असेल, नुसता आंबटपणा? मला नाही तसं वाटत. आमच्या अंगणातली एक दुपार सुटत असेल.

पण दुपार पाठवायची तर ती वाटेत सांडता कामा नये.

सासूबाईंनी आयुष्यात कधी कुरिअर केलेलं नाही. तरी पॅकिंगचा पहिला धडा मला त्यांनीच दिला. मी बाटली गुंडाळून खोक्यात ठेवली होती, खोकं बंद करणार, इतक्यात त्या मागून म्हणाल्या, "मधी जागा ठेवू नको गो, हलतला ता." त्यांचं आयुष्य हापूसच्या पेट्यांच्या सोबतीने गेलं. मामंजींच्या काळात लाकडी पेट्या होत्या. तळाशी गवताचा थर, मग आंब्यांचा, पुन्हा गवताचा, आणि प्रत्येक फळ असं बसवायचं की दुसऱ्याला टेकेल पण रुतणार नाही. पेटीवर खूण रंगवायची आणि गाडीत चढवायची. मुंबईतला दलाल पेटी उघडायचा तेव्हा त्याला बागायतदाराचा चेहरा दिसत नसे, गवत कसं भरलंय ते दिसे. त्यावरून तो माणूस ओळखायचा.

तेव्हापासून मी खोकं बंद करण्याआधी कानाशी धरून हलवते. आत काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडते. बाटलीला धक्क्याचं भय कमी, मोकळ्या जागेचं जास्त. तिला घरंगळायला मिळालं की ती स्वतःच भिंतीवर आदळते. चारही बाजूंनी घट्ट, मऊ काहीतरी लागलं की वरून पडलेलं खोकंही ती सोसते. म्हणून कोपऱ्याकोपऱ्यांत चुरगळलेले कागद, झाकणाभोवती वेगळी पट्टी, बाटली उभी, पाकिटं तिच्या दोन्ही अंगांना. तिपदरी पुठ्ठा आमसुलांना पुरतो. आगळ असेल तर पाचपदरी.

आणि या मोकळ्या जागेला वजनही असतं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा, त्याला ५,००० ने भागायचं. जो आकडा येईल तितके किलो कुरिअरवाला धरतो, काट्यावरच्या वजनापेक्षा तो जास्त असेल तर. तीस बाय वीस बाय पंधराचं खोकं म्हणजे १.८ किलो, मग आत जेमतेम किलोभर माल का असेना. हिशेब पहिल्यांदा कळला तेव्हा मी ओटीवर तशीच बसून राहिले. विमानात, ट्रकमध्ये जागा अडते, तिचे पैसे लागणारच. व्यवहार सरळ आहे. पण आत काहीच नसलेल्या जागेचं ओझं कुणीतरी मोजतं, त्याची पावती देतं, ही गोष्ट मला त्या दिवशी कुठल्या कुठे घेऊन गेली. मुलगी शिकायला पुण्याला गेली त्यानंतरची माजघराची ती पहिली संध्याकाळ. तिची रिकामी खुंटी.

तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला ते वजन सांगता आलं असतं.

लेबल छापायचा छोटा प्रिंटर आहे, तळहाताएवढे कागद ओठांतून बाहेर सोडणारा. त्यात शाई नसते. कागदावरच एक लेप असतो, उष्णता लागली की तेवढाच भाग काळा होतो. म्हणजे माणसाचं नाव नुसत्या उबेने उमटतं. ताजं लेबल बोटांना कोमट लागतं, आणि मी ते चिकटवण्याआधी एकदा मोठ्याने वाचते. एकट्या घरात अनोळखी नावं उच्चारण्याची मला सवय लागली आहे. नाव, मग घर, मग ती खास आपल्याकडची ओळ: पाण्याच्या टाकीमागे, दत्तमंदिराच्या बोळात, जुन्या पिठाच्या गिरणीवर. गिरणी कदाचित कधीच बंद झाली असेल. पत्त्यात ती अजून दळते आहे.

आणि सगळ्यांच्या शेवटी सहा अंक. १५ ऑगस्ट १९७२ पासून ते आपल्या पत्त्यांना चिकटले, आणि ज्यांनी ते योजले ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले मोठे अधिकारी होते आणि संस्कृतचे कवी. मला या जोडीचं फार अप्रूप वाटतं. एवढा अफाट देश, एकाच नावाची शेकडो गावं, नाना लिप्या, नाना हस्ताक्षरं, आणि एका कवीने तो सहा अंकांच्या वृत्तात बसवला. पहिला अंक विभागाचा: चार म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. मग आकडे जवळ जवळ येत जातात, जिल्ह्यापर्यंत, पोस्टापर्यंत. आमची सुरुवात ४१६, तीच कोल्हापूरची; सह्याद्री मध्ये उभा असला तरी आकड्यांनी आम्हाला घाटावरच्यांच्या पंगतीला बसवलं आहे.

आता अंक दिसला की चेहरा नसलेलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. ३९० म्हणजे बडोदा, आणि बडोद्याच्या मराठी घरातली आमटी. ४५२ म्हणजे इंदूर. आणि कधीतरी येतो तो नऊने सुरू होणारा पिन. तो सैन्याच्या टपालाचा. त्या पत्त्यात गाव नसतं, रस्ता नसतो, टाकी नाही, देऊळ नाही. नाव, हुद्दा, तुकडी आणि एक क्रमांक. तो माणूस बर्फात आहे की वाळवंटात, हे पार्सल बांधणाऱ्या हाताला कळत नाही, कळायचंही नसतं. खासगी कुरिअर तिथे जात नाही, ते पार्सल मी स्वतः पोस्टात घेऊन जाते. त्या खोक्यात मी तिरफळं जरा जास्त घालते. बर्फातली आमटी मला डोळ्यांसमोर आणता येत नाही, म्हणून.

सगळीच खोकी पोचतात असं नाही. काही परत येतात. दार बंद होतं, फोन लागला नाही, पैसे पार्सल हातात पडल्यावर द्यायचे होते आणि तोवर मन बदललं. परत आलेलं खोकं ओळखू येतं. त्याचे कोपरे मऊ पडलेले असतात, अंगावर ठिकठिकाणचे शिक्के आणि चिकटपट्ट्या, आणि ते मी बांधलं तेव्हापेक्षा शांत दिसतं. आधी मला त्याचा राग यायचा. नुकसान खरंच होतं, जायचं भाडं आणि यायचंही. पण वेलणकरांनी एक विलोमकाव्य रचलं होतं, सरळ वाचलं तर रामाची स्तुती, उलट वाचलं तर कृष्णाची. ते कळल्यापासून परतीचं खोकं मी वेगळ्या नजरेने उघडते. इथून भिवंडी, भिवंडीहून पुढे, पुढून भिवंडी, भिवंडीहून इथे. वाट तीच, अक्षरं तीच. आतली बाटली मात्र न फुटता सगळा मुलूख बघून आलेली, आणि तिच्याभोवतीचे कागद मी जसे कोंबले तसेच. आपल्याच हाताची काळजी आपल्यालाच पोचती झाल्यासारखं वाटतं. त्या दिवशीची सोलकढी आम्ही त्याच बाटलीतली करतो.

लोक म्हणतात, आता हे हाताने कशाला? भिवंडीला गोदामं आहेत, माल तिथे पाठवून द्या. ऑर्डर आली की तेच पॅक करतील, तेच धाडतील. खोटं नाही ते. धंदा वाढला तर तसं करावंही लागेल, आणि तिथे खोकी भरणारे हातही कुणाच्या तरी घरचेच असतील. तरी आत्ता नाही. संध्याकाळी पिकअपचा मुलगा गाडी वळवून अंगणात येतो, हॉर्न देतो, "काकी, आज किती आसत?" म्हणून विचारतो, आणि मी मोजून देते तेव्हा प्रत्येक खोक्याच्या आत कुठला कोपरा कशाने भरलाय ते मला ठाऊक असतं. हे ठाऊक असणं मला इतक्यात सोडायचं नाही.

आणि गेल्या महिन्यात इंदूरहून एक फोन आला. आवाज वयस्कर, मराठीला माळव्याचा हेल. मला वाटलं, बाटली गळली. "नाही हो ताई, बाटली झकास आहे," ते म्हणाले, "पण तुम्ही आत जो पेपर कोंबला होता ना, त्यात एका शाळेच्या शताब्दीची बातमी आहे, आणि 'उर्वरित पान पाचवर' असं म्हणून ती थांबली आहे. पान पाच खोक्यात नाही." त्यांचं आजोळ आमच्या बाजूचं. लहानपणी दोन वर्षं ते त्या शाळेत होते. चुरगळलेला कागद त्यांनी टेबलावर हाताने सारखा केला, वर जाड पुस्तक ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी चष्मा लावून वाचला. माजी विद्यार्थ्यांची नावं पुढच्या पानावर असणार, असा त्यांचा अंदाज होता.

मी किती पेपर आजवर मुठीत आवळून कोपऱ्यांत दडपले असतील. पोकळी भरायला.

त्यांनी फोनवरच आणखी एक बाटली मागवली, पहिली अर्धीसुद्धा संपलेली नसताना. मी रद्दीचा गठ्ठा ओटीवर ओतला. पान पाच त्यात नव्हतं. शेजारच्या वहिनींकडे गेले, त्यांनी ते कपाटात अंथरलं होतं. साड्या उचलून त्यांनी ते काढून दिलं, आणि कशाला हवंय ते ऐकल्यावर स्वतःच हाताने झटकलंही. नावांचे दोन रकाने होते, बारीक टायपात. मी ते पान घडी करून पारदर्शक पिशवीत घातलं, आगळाच्या बाटलीला टेकवून उभं केलं, आणि कोपरे भरायला दुसरा पेपर घेतला. मात्र घेताना आधी पाहिलं, त्यातली कुठली बातमी अर्धी तर राहत नाही ना.