आपला गेम म्हणून सूट नको

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा 'राजी' हा व्हिडिओ गेम 2020 मध्ये आला, तेव्हा त्याच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला की मला राग यायचा. राजस्थानी वाडे-महाल, पहाडी शैलीतली चित्रं, छाया-बाहुल्यांतून उलगडणारी पुराणकथा, हे सगळं एका छोट्या चमूनं उभं केलं होतं. 2017 मध्ये त्यांनी किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला, तरी त्यांनी काम सोडलं नाही. अशा लोकांना 'लढाई एकसुरी आहे', 'गोष्ट मध्येच संपते' असं सुनावणं मला कृतघ्नपणाचं वाटायचं. येऊ घातलेल्या गेमच्या नुसत्या ट्रेलरवर बोलणं तर त्याहून वाईट. 'आधी येऊ दे, मग बोला,' हे माझं ठरलेलं उत्तर असायचं.

आज मी असं म्हणणार नाही.

माझं मत पहिल्यांदा हललं ते 'राजी'मुळेच. 2022 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. हालचाली आणि कथाप्रसंग नव्यानं घडवले होते, शिवाय हिंदी आवाजही होते. जिथं लोकांना खटकलं होतं, त्यातल्या बऱ्याच जागांवर हात फिरला होता. मी ज्यांना गप्प बसवत होतो, त्यांच्या बोलण्यातून गेमचं भलंच झालं होतं.

मग 'बाल्डर्स गेट 3' पाहिला. बेल्जियमच्या लारियन स्टुडिओनं या रोल प्लेइंग गेमचा पहिला अंक ऑक्टोबर 2020 मध्येच विकायला काढला आणि जवळजवळ तीन वर्षं खेळणाऱ्यांच्या तक्रारी ऐकत काम केलं. पूर्ण गेम ऑगस्ट 2023 मध्ये आला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम ठरला. याउलट 'सायबरपंक 2077'. त्याची घोषणा 2012 ची. अपेक्षा आभाळाला भिडलेल्या, पण आतली दुरवस्था लोकांपासून झाकलेली. डिसेंबर 2020 मध्ये तो आला आणि आठवडाभरात सोनीनं आपल्या दुकानातून काढून टाकला. पुढं तो बनवणाऱ्या कंपनीनं तो सुधारला, पण तोवर लोकांनी पैसे मोजले होते.

तिसरी गोष्ट आमच्या गल्लीतली. शिवाजी पेठेतल्या एका मुलाला मी एका गेमचा ट्रेलर दाखवला. तो तालमीत मर्दानी खेळ शिकतो. पडद्यावरचा योद्धा दांडपट्टा फिरवत होता आणि मी कौतुकानं बघत होतो. पोरगं म्हणालं, "काका, ह्यो मनगटातनं फिरवतोय. पट्ट्याच्या खोबळ्यात हात कोपरापर्यंत अडकलेला असतोय, मनगट वळतंच नाही. वार खांद्यातनं येतोय." त्यानं हात ताठ धरून, कमरेतून वळून दाखवलं. ती टीका ट्रेलरवरचीच होती. पण ती करायला वर्षानुवर्षांची मेहनत लागते, आणि गेम बाजारात येण्याआधी ती ऐकली, तर तिचा उपयोग जास्त होतो.

आपुलकीपोटी दिलेली सूट हाही एक अपमानच असतो, असं आता मला वाटतं. 'भारतीय आहे ना, मग इतपत चालतंय' म्हणताना आपण आपल्या कलावंतांना खालच्या फळीवर बसवतो. आता 'राजी'चा पुढचा भाग 'कलियुग' येतोय. अमिताभ बच्चन आणि अमीश त्रिपाठी सहसंस्थापक असलेल्या तारा गेमिंगचा 'द एज ऑफ भारत'ही येतोय. या दोन्ही गेमना मी परदेशी गेमचीच मापं लावणार आहे.

एका बाबतीत माझं मत मात्र जुनंच आहे. गेम करणाऱ्यांना शिव्या देणं, धमक्या देणं, मुख्य पात्र स्त्री आहे म्हणून बोंब मारणं, याला मी टीका मानत नाही.

तेव्हा ट्रेलर बघा, आणि खटकलं तर गेम येण्याआधीच बोला. कुठं, काय आणि का खटकलं, ते नेमकं सांगा. बोलायचं ते कामाबद्दल बोला, माणसाबद्दल नको.