स्फटिकांची शुद्धी

'स्फटिकासारखे स्वच्छ' असे आपण बोलताना सहज म्हणून जातो. निर्मळ पाण्याला दुसरी उपमा आपल्याला सुचतच नाही. ग्रीक भाषेत तर स्फटिक आणि बर्फ यांना शब्दही एकच होता. कधीही न वितळण्याइतके घट्ट गोठलेले पाणी म्हणजे स्फटिक, असे पहिल्या शतकातील रोमन पंडित प्लिनी मानीत असे. पवित्र शास्त्राच्या अखेरच्या पुस्तकातही देवाच्या राजासनापासून वाहणारी जीवनाची नदी स्फटिकासारखी नितळ आहे आणि स्वर्गीय नगरीच्या तटाचे बारा पाये बारा रत्नांचे आहेत. तेव्हा या चकाकत्या दगडांविषयी माणसाला वाटणारे आकर्षण आजचे नव्हे, आणि त्यात मूलतः वावगे असेही काही नाही.

महाराष्ट्रावर तर निर्मात्याने या बाबतीत विशेष कृपा केली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यातून आपला काळा दगड तयार झाला. त्या दगडात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे खनिजयुक्त पाणी झिरपत राहिले आणि तेथे स्फटिक वाढले. बाहेरून पाहावे तर ओबडधोबड काळा गोळा; फोडला की आत गारगोटीची, स्टिल्बाइटची किंवा अ‍ॅपोफिलाइटची आरास! जळगाव, नाशिक, पुणे या भागांतील खाणींमधले असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. आपल्याकडे सिन्नरचे 'गारगोटी' संग्रहालय मुद्दाम जाऊन पाहावे असे आहे. पुण्यात नगर रस्त्यावरील सेमिनरीत शिकत असताना सुट्टीच्या दिवशी आम्ही सायकलने वाघोलीच्या बाजूस जात असू. तेथील खडीच्या खाणींत कॅव्हन्साइट नावाचा गर्द निळा स्फटिक सापडतो आणि त्यासाठी ते गाव जगातील खनिजप्रेमींना ठाऊक आहे, हे मला पुष्कळ नंतर कळले. ज्या दगडाची खडी करून रस्त्यावर टाकायची, त्याच्या पोटात देवाने निळे फूल ठेवावे, याचे नवल मला अजूनही वाटते.

तथापि अलीकडे हे दगड निराळ्याच नात्याने घरोघर येऊ लागले आहेत. गुलाबी स्फटिक प्रेमासाठी, जांभळा अमेथिस्ट शांत झोपेसाठी, पिवळा सिट्रिन धनासाठी आणि पांढरा स्फटिक सर्व व्याधींसाठी, अशी त्यांची वाटणी झालेली आहे. दगड विकत घेऊन काम संपत नाही. तो घरातील 'नकारात्मक ऊर्जा' शोषून घेतो, म्हणून त्याला वरचेवर शुद्ध करावे लागते, असे सांगण्यात येते. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवावा, वाहत्या पाण्याखाली धरावा, धुपाचा धूर द्यावा, पौर्णिमेच्या चांदण्यात गच्चीवर मांडावा, सकाळी उन्हात ठेवून 'भारून' घ्यावा. या विधींची पत्रके छापली जातात आणि श्रद्धेने पाळलीही जातात.

आमच्या सोलापुरात वाहत्या पाण्याखाली दगड धरणे ही गोष्टच मुळी सोपी नाही. या शहरातील लोकांनी कित्येक वर्षे काही दिवसांआड येणाऱ्या नळावर संसार केले आहेत. उजनीचे पाणी घरापर्यंत येईतो पिंप, हंडे, कळशा रांगेने मांडून ठेवाव्या लागतात. अशा गावात एखादी माऊली भरल्या पिंपातून तांब्याभर पाणी काढून ते दगडावर धार धरून ओतते, तेव्हा ती काही थोडीथोडकी गोष्ट देत नाही. तिला हसण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही.

अशीच एक भगिनी एका रविवारी मिस्सानंतर संस्कारगृहाच्या दाराशी थांबली होती. गणवेश शिवण्याच्या कारखान्यात ती शिलाईचे काम करते. तिच्या धाकट्या मुलाला लहान वयातच मधुमेह जडलेला. इन्सुलिनच्या इंजेक्शनावाचून त्याचा एकही दिवस जात नाही. तिने रुमालात बांधलेले चार दगड माझ्यापुढे उलगडले आणि म्हणाली, "फादर, थोडं पवित्र पाणी द्या. दुकानदार म्हणतो, मिठाच्या पाण्यापेक्षा देवळातल्या पाण्यानं धुतले तर जास्त गुण येतो."

मी पहिला प्रश्न दगडांविषयी विचारला नाही. "ताई, बाळाचं इंजेक्शन चालू आहे ना?"

"चालू आहे, फादर. पण तो म्हणतो, दगड नीट भारले गेले की हळूहळू डोस कमी करता येईल."

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. भिंतीवर दिनदर्शिका होती. तिच्यावर प्रत्येक पौर्णिमेभोवती लाल गोल काढून 'दगड गच्चीवर' असे लिहिलेले होते. दगडांसाठी जुन्या रेशमी खणाचा तुकडा कापून बटवा शिवला होता. इन्सुलिनची बाटली मात्र खिडकीतल्या फळीवर, वैशाखातल्या उन्हाच्या तिरिपेत उभी होती आणि ती कोणत्या दिवशी उघडली, हे घरात कोणालाच सांगता येत नव्हते. घरातील फ्रिज बिघडून पंधरवडा लोटला होता.

या घरात मायेची वा शिस्तीची उणीव नव्हती. एखाद्या परिचारिकेने हेवा करावा इतक्या काटेकोरपणे ती माता सेवा करीत होती. केवळ तिची सेवा भलत्या वस्तूकडे वळवण्यात आली होती. गारगोटी कोट्यवधी वर्षे जमिनीत राहूनही जशीच्या तशी राहते. तिला आमच्या उन्हाळ्याचे काय? इन्सुलिन मात्र अतिशय नाजूक. न उघडलेली बाटली दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते, पण ती गोठताही कामा नये. उघडलेली बाटली उन्हापासून दूर, गारव्याला ठेवून साधारण चार आठवड्यांत संपवावी लागते. सोलापूरचा पारा चाळीस अंशांपलीकडे सहज जातो. त्या उष्णतेत औषधाचा गुण उतरतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते कळतही नाही. आम्ही त्याच वेळी डॉक्टरांना फोन केला, नवी बाटली आणली आणि शेजारच्या घरातील फ्रिजमध्ये तिला जागा मिळवली. फ्रिज नसलेल्या घरांत मातीच्या भांड्यात पाणी घालून त्यात डबीबंद बाटली ठेवण्याची युक्ती डॉक्टर सांगतात, तीही त्या माऊलीने समजून घेतली. त्यानंतर तिने स्वतःच लाल पेनाने दिनदर्शिकेवर एक नवा गोल काढला: 'बाटली उघडली.'

पाण्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला होता आणि ती तो विसरली नव्हती. मी निघताना तिने विचारले, "फादर, रागावू नका. पण तुमच्या पाण्यात आणि त्याच्या मिठाच्या पाण्यात फरक तो काय?"

प्रश्न रास्त होता. आमच्या उपासनाविधीत पाण्यावर आशीर्वाद मागताना त्यात मीठ मिसळण्याचीही मोकळीक आहे. आपल्या घरांत लूर्दचे पाणी असते, वेलंकणीचे तेल असते, गळ्यात स्कापुलर आणि पदक असते. स्फटिकाच्या मण्यांच्या जपमाळाही असतात. दुकानदाराचा दगड ही अंधश्रद्धा आणि आमचे पदक ही श्रद्धा, एवढे म्हणून सुटका होण्यासारखी नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ ताईत बाळगण्यास दोष देतोच (परिच्छेद २११७). पण त्याआधी, २१११व्या परिच्छेदात, तो आपल्यालाही आरसा दाखवतो. अंतःकरण बाजूला ठेवून प्रार्थनेचा वा पवित्र चिन्हाचा गुण केवळ बाह्य कृतीत आहे असे मानणे, हीदेखील अंधश्रद्धाच, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे पवित्र पाणी औषधाच्या थेंबांसारखे मोजून वापरले, तर त्या दोन पाण्यांत फारसा फरक उरत नाही.

मग फरक कोठे आहे? मी तिला जे सांगितले ते असे. प्रार्थना आपण कोणाजवळ तरी करतो. तो ऐकतो, तो आपल्यावर प्रीती करतो आणि तो 'नाही' असेही म्हणू शकतो. गेथशेमानीच्या बागेत खुद्द प्रभू येशूनेही ते सोसले. दगड 'नाही' म्हणत नाही, कारण तो काहीच म्हणत नाही. म्हणून गुण आला नाही की दोष कोणावर तरी टाकावा लागतो आणि तो नेहमी रोग्यावर किंवा त्याच्या आईवर येऊन पडतो: तुम्ही दगड नीट शुद्ध केला नाही, एक पौर्णिमा चुकवली, मीठ कमी पडले. शुद्धीकरणाच्या या साऱ्या खटाटोपाचे खरे काम हेच आहे. विक्रेत्याचा शब्द खोटा पडू नये म्हणून रचलेली ती तटबंदी आहे. आणि येथे आपणही सावध असले पाहिजे. 'तुमची श्रद्धा कमी पडली म्हणून रोगी बरा झाला नाही' असे जो प्रार्थनासभेत सांगतो, तो त्याच दुकानात बसलेला असतो. केवळ पाटी वेगळी.

"पाणी मी देईन," मी म्हणालो, "पण ते बाळाच्या कपाळावर. त्याच्या स्नानसंस्काराची आठवण म्हणून. दगड धुवायला पिंपातलं पाणी पुरे." त्या मुलाच्या मस्तकावर हात ठेवून आम्ही प्रार्थना केली. दगड टाकून दे, असे मी तिला सांगितले नाही.

विज्ञानाचा दाखला देणारे म्हणतात की घड्याळात स्फटिक चालतो, मग शरीरात का नाही? स्फटिकावर दाब दिला असता अत्यल्प विद्युतभार निर्माण होतो, हे झाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवले, हे खरे. घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, हेही खरे. पण तेथे त्याला बॅटरी चालवते. खणाच्या बटव्यातील दगड काही साठवत नाही आणि काही सोडतही नाही. लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातील मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी २००१ साली मांडलेला एक प्रयोग बोलका आहे. काहींच्या हाती खरे स्फटिक दिले, काहींच्या हाती नकली. ऊब, झिणझिण्या, प्रसन्नता असे अनुभव दोन्हींकडून सारखेच आले. अनुभव खोटा नव्हता. त्याचा उगम दगडात नव्हता, इतकेच. आपल्या देशात तर १९५४च्या कायद्याने मधुमेहासारख्या रोगांवर ताईत, मंत्र, कवच अशा जादुई उपायांची जाहिरात करण्यास मनाई आहे.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातही या दगडांचे प्रेम आढळते. बाराव्या शतकातील संत हिल्डेगार्ड हिने रत्नांच्या औषधी गुणांवर सविस्तर लिहिले. २०१२ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून गौरवले. तो गौरव तिच्या आध्यात्मिक प्रज्ञेचा होता, तिच्या काळाच्या वैद्यकाचा नव्हे. २००३ साली व्हॅटिकनने नवयुगवादी विचारांवर एक चिंतन प्रसिद्ध केले. त्यात स्फटिकांचाही उल्लेख आहे; पण त्याचे शीर्षकच प्रभू येशूला जीवनजल आणणारा म्हणून संबोधते. तहान कशाची आहे ते ओळखा, मग पाणी दाखवा, अशी त्यामागची दृष्टी आहे. जुन्या करारातील पितळी सर्पाची कथा तर या विषयाचे सारच म्हणावी. देवाच्या आज्ञेने मोशेने तो उभारला आणि दंश झालेले लोक त्याच्याकडे पाहून वाचले. कित्येक पिढ्यांनंतर लोक त्यालाच धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. देवाने दिलेली वस्तूदेखील देवाच्या आड आली तर दूर करावी लागते.

आमच्या गावच्या शेजारधर्माचाही येथे उल्लेख करावासा वाटतो. संक्रांतीच्या यात्रेत सिद्धेश्वरांचे नंदीध्वज शहरातील अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करण्यास निघतात. कित्येक लिंगायत बांधव आपले इष्टलिंग रोज तळहातावर घेऊन पूजतात. तो त्यांचा भक्तिभाव आहे. त्यात सौदा नाही, डोस कमी करण्याचे आश्वासन नाही. शेजाऱ्याच्या पूजेला आणि बाजारातील फसवणुकीला एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

ज्यांच्या घरी असे सुंदर दगड आहेत त्यांनी ते अवश्य ठेवावेत आणि नीट सांभाळावेत. गारगोटी कठीण असते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश तिला पुरेत. सेलेनाइट नखाने ओरखडतो आणि पाण्यात झिजतो. त्याला कोरडे फडके बरे. कॅल्साइट आणि मॅलाकाइट यांना लिंबू किंवा व्हिनेगर लावू नये. मिठाचे पाणी मऊ व सच्छिद्र दगडांचा नाश करते. अमेथिस्ट आणि गुलाबी स्फटिक उन्हात फिके पडतात, तेव्हा 'भारण्याच्या' नादात त्यांचा रंगच जायचा. स्फटिकाचा गोल खिडकीत ठेवू नये. भिंगासारखी उन्हे एकवटून आग लागू शकते. आणि दगड बुडवलेले पाणी कोणीही पिऊ नये, कारण मॅलाकाइटमध्ये तांबे असते आणि गॅलेनात शिसे.

सिराखच्या पुस्तकातील अडतिसावा अध्याय प्रत्येक कुटुंबाने एकदा एकत्र बसून वाचावा असा आहे. वैद्याचा मान राखा, कारण त्यालाही प्रभूनेच निर्माण केले; औषधे प्रभूने भूमीतून उपजवली; आजारपणात प्रार्थना करा आणि मग वैद्याला त्याचे स्थान द्या, असा त्याचा आशय आहे. प्रार्थना की औषध असा झगडा तेथे नाही. आणि संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात आपल्याला, तुम्हाआम्हाला, जिवंत दगड म्हणतो. आपल्या धर्मग्रामात इंजेक्शनाच्या वेळा सांभाळणारी मुले आहेत, एकटे पडलेले वृद्ध आहेत, बिघडलेल्या फ्रिजची चिंता कोणापाशी न बोलणाऱ्या माता आहेत. येत्या पौर्णिमेस गच्चीवर जाण्यापूर्वी यांपैकी एका घरी जाऊन यावे.