पिंपळनेरचा एक मुक्काम

धुळे जिल्ह्याच्या नकाशात पिंपळनेर पश्चिमेच्या कोपऱ्यात दिसते. साक्री हे तालुक्याचे गाव तिथून पंचवीसेक किलोमीटरवर. इंग्रजी अमदानीत मात्र अख्खा तालुकाच पिंपळनेरच्या नावाने ओळखला जाई. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये त्याची नोंद तशीच आहे. गावाच्या कडेने पांझरा वाहते. ती जवळच्याच डोंगरात उगम पावते, लाटीपाडा धरणात थोडी विसावते आणि पुढे धुळे शहरातून जाऊन तापीला मिळते. गावात कांद्याचा मोठा बाजार भरतो. बाजारात अहिराणी ऐकू येते, पश्चिमेच्या पाड्यांवरून आलेल्या आदिवासी बांधवांची बोली ऐकू येते आणि चहाच्या टपरीवर आपली खानदेशी उर्दूही.

पण गाडी चालवणाऱ्याला पिंपळनेर आठवते ते घाटांमुळे. दक्षिणेला ताहाराबादच्या वाटेवर शेलबारीचा घाट. पश्चिमेला नवापूरकडे उतरणारा चरणमाळचा घाट. थोडे उत्तरेला, साक्री-नवापूर महामार्गावर कोंडाईबारी. बारी म्हणजे खिंड. मालेगावहून मोसम नदीच्या काठाने नामपूर, जायखेडा, ताहाराबाद करत नवापूरला जायचे तर शेलबारी चढावी लागते आणि चरणमाळ उतरावा लागतो. पिंपळनेर या दोन्हींच्या मध्ये. म्हणून तिथल्या गॅरेजवाल्यांना तापलेली इंजिने नवीन नाहीत.

जानेवारीतल्या एका गुरुवारी जोहरच्या नमाजनंतर आम्ही मालेगावहून निघालो. शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर नवापूरला माझ्या पुतणीचा निकाह होता. थोरले भाऊ चार वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारे झाले. भाभी तेव्हापासून मुलीला घेऊन नवापूरला माहेरी राहतात. वडील हयात नसल्यामुळे वली म्हणून दादांनी, म्हणजे आमच्या अब्बांनी, उभे राहायचे होते. अब्बांचे वय अठ्ठ्याहत्तर. गाडी भाईजानचीच, पंधरा वर्षे जुनी, उंच, सात आसनांची डिझेल गाडी. गाडीत अब्बा, अम्मी, माझी पत्नी, दोन मुले, मागे कपड्यांच्या पेट्या आणि मिठाईचे डबे.

शेलबारीच्या निम्म्या चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला. एसी बंदच होता. काच खाली केली तेव्हा किंचित गोडसर वास आला. पुढे रुंद जागा मिळताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. बॉनेट उघडले, पण रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडले तर उकळते पाणी उसळून तोंडावर येते. पाऊण तास थांबलो. तिथेच अस्रची नमाज झाली. पश्चिमेला मांगी-तुंगीची दोन शिखरे उन्हात स्वच्छ दिसत होती आणि मुले त्यांतले मांगी कोणते यावर भांडत होती. इंजिन पुरते निवल्यावर वुजूसाठी ठेवलेल्या कॅनमधले पाणी रेडिएटरमध्ये ओतले. जेमतेम दोन लिटर बसले. मग उरलेला चढ थांबत थांबत संपवला आणि उतारावरून मगरिबच्या सुमारास पिंपळनेरला पोहोचलो.

सामोडे चौफुलीजवळ एकाने गॅरेज दाखवले. तिथला आदिवासी पोरगा बॅटरी घेऊन गाडीखाली वाकला आणि लगेच म्हणाला, “पानी गळी ऱ्हायनं.” मग उस्ताद आले. साठीचे गृहस्थ, दाढी पांढरी, हात काळे. त्यांचे वडील गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई करत. स्टीलची भांडी आली, कल्हईचा धंदा बसला, तेव्हा मुलाने तीच विद्या रेडिएटरकडे वळवली. कल्हईला लागते कथील आणि नवसागर. रेडिएटरला डाग द्यायचा तर कथील आणि शिशाचे मिश्रण. आच किती द्यायची, धातू कधी पाझरतो, हे घरातच शिकलेले. “भांडं गळलं तर आमटी जाते, हे गळलं तर इंजिन जातं,” ते म्हणाले.

उस्तादांनी पाना उचलण्याआधी बराच वेळ नुसते पाहिले. गळती नेमकी कुठली, हे आधी ठरायला हवे. होज पाइपच्या क्लिपा तपासल्या. पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या खालचे भोक कोरडे आहे ना, हे बोट लावून पाहिले. ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल दुधट दिसले असते तर पाणी इंजिनाच्या आत शिरले, असा अर्थ होता. निवलेल्या रेडिएटरचे झाकण काढून गाडी सुरू केली आणि पाण्यात बुडबुडे येतात का ते पाहिले. हेड गॅस्केट गेले असेल तर ते येतात. आले नाहीत. शेवटी जाळीची वरची कड दाखवली. प्लॅस्टिकची टाकी जिथे अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला दाबून बसवलेली असते, तिथे पांढरट हिरवा थर धरला होता आणि त्यातून थेंब सुटत होते.

माझा प्रश्न होता, दोनच लिटर पाणी कमी होते, तर गाडी एवढी तापली कशी? त्यांनी झाकण हातात घेऊन समजावले. साधे पाणी शंभर अंशांवर उकळते. रेडिएटरचे झाकण आतला दाब धरून ठेवते, प्रेशर कुकरसारखे, म्हणून पाणी एकशेवीसच्या आसपास गेल्याशिवाय उकळत नाही. कुठे चीर गेली की दाबच धरत नाही. मग पाणी लवकर उकळते, वाफ होते आणि तळापर्यंत पाणी असूनही इंजिन तापते. त्यात घाट. गिअर खालचा, इंजिन जोरात फिरते, गाडीचा वेग कमी, त्यामुळे समोरून वारा मिळत नाही, आणि वर सहा जणांचे ओझे.

टपरीवरच्या एकाने हळद टाकायचा सल्ला दिला. आपल्याकडे हा जुना इलाज आहे. हळद चिरेत जाऊन बसते आणि गळती थोडा वेळ थांबते. उस्ताद म्हणाले, “जाळीच्या नळ्या अगदी बारीक. हळद चीर बुजवते आणि नळ्याही बुजवते.” जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला त्यांनी हजार वेळा डाग दिला असेल. पण प्लॅस्टिकला कथील धरत नाही. चिकटवण्याचा मसाला लावून पाचशे रुपयांत गाडी रस्त्यावर आणता आली असती. नव्याचा खर्च आठ-साडेआठ हजार, आणि तो धुळ्याहून सकाळच्या एसटीने येणार.

आम्ही सगळे गप्प. उद्या निकाह. लग्नाच्या घरात आठ हजार ही काही लहान रक्कम नाही. अम्मी म्हणाल्या, मसाला लावा, अल्लाह मालिक आहे, रात्रीच निघू. मलाही तेच वाटत होते. अब्बांनी उस्तादांना विचारले, “तुम्ही तुमच्या घरच्यांना घेऊन गेला असता?”

उस्तादांनी सरळ उत्तर दिले. “चरणमाळ उतरताना इंजिनावर ताण कमी. कदाचित जाल. पण मध्येच पाणी संपून इंजिन जाम झालं, तर ब्रेकला मिळणारी मदत जाते, स्टिअरिंग जड होतं. अंधारात, उतारावर. आणि परत यायचं आहे ना? तेव्हा तोच घाट चढायचा आहे. गाडीत कोण असणार?”

गाडीत नवरी असणार होती. मुलाकडचे मालेगावचेच. रुखसतीला वडिलांच्या गाडीतून जाईन, हा पुतणीचा एकच हट्ट होता आणि मुलाकडच्यांनीही तो आनंदाने मानला होता.

अब्बांनी तिथेच निर्णय दिला. रात्री मुक्काम. सकाळी अब्बा, अम्मी, माझी पत्नी आणि मुले काळी-पिवळीने नवापूरला जातील. मी गाडीजवळ थांबेन. निकाहला वली हवा, चाचा नसला तरी निकाह होतो. मला साक्षीदार व्हायचे होते. अब्बांनी फोन करून ते काम मामूंच्या मुलावर सोपवले.

रात्र उस्तादांच्या घरी गेली. गॅरेजमागे दोन खोल्यांचे घर. बायकांची सोय आत, आमची बाहेर. नागलीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वांग्याची भाजी. नागली या डोंगरपट्ट्यातच पिकते. मालेगावात वाढलेल्या माझ्या मुलांनी ती पहिल्यांदाच खाल्ली. थंडी चांगलीच होती. इशानंतर रस्त्यावर कांद्याने भरलेले ट्रॅक्टर येऊन थांबत होते, सकाळच्या लिलावासाठी.

सकाळी घरची मंडळी रवाना झाली आणि नऊनंतर धुळ्याची एसटी आली. पोरग्याने तळाचा नळ सोडून जुने कूलंट घमेल्यात धरले. जमिनीवर सांडू दिले नाही. कूलंट गोड लागते आणि विषारी असते. शेळ्या, कुत्री चाटतात आणि मरतात. लहान मुलांचाही धोका असतोच, म्हणून घमेले लगेच झाकून उंचावर ठेवले. मग बॅटरीची तार सोडली, वरचा आणि खालचा होज काढला, पंख्याभोवतीचे कवच सोडवले, दोन्ही बाजूंचे बोल्ट काढले आणि जुना रेडिएटर उचलून बाहेर घेतला. नवा त्याच्या शेजारी ठेवून मापे जुळवली. नळांची तोंडे, बोल्टची भोके, जाडी, सगळे पाहूनच तो आत गेला. खालचे रबरी गट्टू नवे टाकले, नाहीतर खड्ड्यांचे धक्के थेट जाळीला बसतात. होज फुगलेले होते, तेही बदलले.

कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे. बोअरचे पाणी उस्तादांनी वापरू दिले नाही. आपल्या हंड्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो, तोच जाळीच्या नळ्यांत बसतो. थर्मोस्टॅट वॉल काढून टाकू का, असे पोरग्याने विचारले. पुष्कळ ठिकाणी तसे करतात. उस्तादांनी मनाई केली. त्या वॉलमुळे इंजिन योग्य तापमानावर चालते. काढला तर थंडीत ते गार राहते आणि डिझेल जास्त पिते.

मग झाकण उघडे ठेवून गाडी सुरू केली. आतली हवा बुडबुड्यांनी निघून गेली, पातळी खाली गेली, पुन्हा भरली. वरचा होज गरम झाला, म्हणजे वॉल उघडला. झाकण लावून अर्धा तास शेलबारीच्या दिशेने चढ-उतार केला आणि परत येऊन प्रत्येक सांध्यावरून कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला. तोवर जुम्याची अजान झाली होती. नमाज पिंपळनेरलाच अदा केली आणि चरणमाळ उतरलो.

नवापूरला पोहोचलो तेव्हा निकाह होऊन गेला होता, खजूर वाटून संपत आला होता. पुतणीने मला पाहून पहिल्यांदा विचारले, “गाडी आली?” अब्बा खुर्चीवर बसले होते. त्यांनी फक्त हात वर केला.

अस्रनंतर रुखसती झाली. भाभी गाडीच्या दाराजवळ उभ्या होत्या आणि बराच वेळ तिथून हलल्या नाहीत. चरणमाळच्या चढावर गाडीत सात जण होते, आणि मागे जहेज नव्हते तरी पेट्या होत्याच. माझी नजर रस्त्यावर आणि काट्यावर होती. काटा मध्यावर चिकटल्यासारखा राहिला. मागून पुतणी म्हणाली, इथल्या वळणावर अब्बू नेहमी हॉर्न दोनदा वाजवायचे. मी दोनदा वाजवला.

पिंपळनेरला उस्ताद वाट पाहत होते. गरम होऊन निवलेल्या क्लिपा सैल पडतात, म्हणून परतताना दाखवून जा, असे त्यांनी बजावले होते. दोन क्लिपा अर्धा-अर्धा आटा घट्ट केल्या, पैसे घेतले नाहीत, मिठाईचा डबा मात्र घेतला. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, इंजिन गार असताना, आठवडाभर पाणी पाहायला सांगितले. जुना रेडिएटर गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. पोरगा त्याची प्लॅस्टिकची टाकी उचकटून अ‍ॅल्युमिनियम वेगळे करत होता, भंगारात वजनावर देण्यासाठी.