आजोबांना तलाव दाखवताना

ग्वाल्हेरहून शिवपुरी शंभर-सव्वाशे किलोमीटर. शिंद्यांची ही एके काळची उन्हाळी राजधानी. आमची मात्र हिवाळ्यातली सहल. यंदा आजोबा म्हणाले, "मलाही न्या." त्यांची नजर आता जवळजवळ गेली आहे. "तिथं येऊन तुम्ही काय करणार?" बाबा म्हणाले. आजोबा काठी घेऊन गाडीपाशी जाऊन उभे राहिले.

माधव राष्ट्रीय उद्यान २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. आतला सख्यासागर तलाव १९१८ सालचा. २०२२ पासून रामसर यादीत आहे. पाण्यात मगरी, त्यामुळे पाय बुडवायची सोय नाही. लांबूनच बघायचं. मी सवयीनं मोबाईल काढला.

"काय दिसतंय?" आजोबांनी विचारलं.

"मगर. उन्हात पडलीय."

"तोंड उघडं की मिटलेलं?"

मी तेव्हा कुठे नीट पाहिलं. "उघडं."

"अंग तापलं असेल तिचं. अजून?"

"ओंडक्यावर काळा पक्षी, पंख पसरून बसलाय. कॉर्मोरंट."

"पाणकावळा म्हण की! पंख वाळवतोय तो."

तासभर असंच चाललं. ते विचारत होते, मी शोधत होते. शब्द अडला की तेच पुरवत होते.

रात्री घरी आजोबा आजीला सगळा तलाव सांगत होते, मगरीच्या उघड्या तोंडासकट. बाबा दारात उभे राहून ऐकत होते. "पुढच्या खेपेला यांच्याशेजारी मी बसेन," ते मला हळूच म्हणाले.

माझ्या मोबाईलमध्ये त्या दिवसाचा एकही फोटो नाही.