देवळाली प्रवरा ते गोंदूर : घरी घडणाऱ्या विमानाची वाट

देवळाली म्हटले की परगावच्या माणसाला नाशिकजवळची तोफखान्याची छावणी आठवते. त्यामुळे आमच्या गावाला आडनाव लावावे तशी ‘प्रवरा’ जोडावी लागते. राहुरी तालुक्यातले हे नगरपरिषदेचे गाव. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी या मुलखाचे नशीब पालटले. बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला, उसामागून साखर कारखाने आले आणि कारखान्यांमागून लोखंडाची कामे. गावाला लागून नगर-मनमाड महामार्गावर राहुरी फॅक्टरीची वस्ती आहे. तेथून जाताना वेल्डिंगचा निळा उजेड डोळ्यांत शिरल्यावाचून राहत नाही. उसाच्या ट्रॉल्या, कुट्टीची यंत्रे, पेरणीची अवजारे, शेडच्या कैच्या, जे म्हणाल ते येथे तयार होते. कारागिराला कागदावर आकृती काढून द्यावी लागत नाही. तो हाताने माप दाखवितो, खडूची रेघ मारतो आणि संध्याकाळपर्यंत वस्तू उभी करतो.

या हातांविषयी मला फार आदर आहे. म्हणूनच आमच्या भाच्याने आपल्या शेडमध्ये दोन आसनी विमान बांधण्याचे मनावर घेतले, तेव्हा मला हसू आले नाही. त्याचा ट्रॉल्या बांधण्याचा व्यवसाय उत्तम चालतो. शेडच्या फरशीवर त्याने खडूने पूर्ण आकाराचा पंख काढून ठेवला होता आणि घरच्या मंडळींना त्या रेघांवरून चालण्याची मनाई होती. शेवटी आमची बहीण मला म्हणाली, “दादा, याला तुम्हीच समजवा. आमचं काही ऐकत नाही.” समजाविणे मला जमत नाही, सोबत प्रवास करणे जमते. मी त्याला म्हटले, “चल, धुळ्याला जाऊन येऊ.”

धुळेच का, याचे कारण सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात एका घराच्या गच्चीवर बांधलेले विमान जेथून आकाशात गेले ती धावपट्टी धुळे शहराबाहेर गोंदूर येथे आहे.

कॅप्टन अमोल यादव हे नाव वाचकांच्या कानावर आले असेल. मूळचे सातारा जिल्ह्यातले हे कुटुंब मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात राहते. अमोल यादव व्यवसायाने वैमानिक. जेट एअरवेजमध्ये त्यांनी प्रवासी विमाने चालविली. आपण चालवितो ते विमान आपल्या देशात आपल्या हाताने का बांधले जाऊ नये, हा प्रश्न त्यांनी नोकरी सांभाळून धसास लावला. राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले. नाव ‘टीएसी-००३’. आधीचे दोन प्रयत्न तडीस गेले नव्हते, त्यांची आठवण या तीनच्या आकड्यात आहे. गच्चीवर विमान बांधायचे म्हणजे सामान वर न्यायचे जिन्याने, आणि तयार झालेले विमान उतरवायचे सुटे करून, क्रेनने. २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला, तेथे लोकांनी ते प्रथम पाहिले. यामागे घरातल्या माणसांचे किती सोसणे असेल, याचा अंदाज एकत्र कुटुंबात राहिलेल्या वाचकाला सहज येईल. गच्ची म्हणजे पापड-कुरडया वाळविण्याची जागा. ती काही वर्षे विमानाला देऊन टाकणे ही लहान गोष्ट नव्हे.

कोल्हारला प्रवरा ओलांडताना भाचा म्हणाला, “मामा, म्हणजे होतं ना घरी?”

“होतं,” मी म्हटले, “पण पुढचं ऐक.”

पुढचे म्हणजे कागद. नोंदणीसाठी यादवांनी अर्ज केला तो २०११ साली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमानाची नोंदणी केली ती २०१७ च्या नोव्हेंबरात. ‘व्हीटी-एनएमडी’ हे चिन्ह मिळाले. पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि त्या वेळचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या नावांची आद्याक्षरे त्यात आहेत. उड्डाणाची परवानगी आणखी दोन वर्षांनी, २०१९ च्या ऑक्टोबरात. २०२० च्या ऑगस्टमध्ये धुळ्याहून चाचणी-उड्डाण झाले. अर्जापासून उड्डाणापर्यंत नऊ वर्षे. एवढ्या काळात उत्साही माणसाचा संताप होणे स्वाभाविक आहे, आणि आपल्याकडच्या दफ्तरी दिरंगाईचे समर्थन मी करणार नाही. परवानगी देणाऱ्याने उशीर करू नये. मात्र परवानगी नकोच, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. का, ते शिर्डीच्या पुढे बोलणे निघाले.

शिर्डीच्या आसपास आकाशात विमान हमखास दिसते. काकडीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ पासून सुरू आहे. डोक्यावरून उतरत जाणारे ते विमान पाहून भाच्याने विचारले, “यात वेल्डिंग कुठं कुठं असतं?” त्याच्या दृष्टीने हा प्रश्न अगदी योग्य होता, आणि त्याचे उत्तर त्याला आवडले नाही. विमानाचा अॅल्युमिनियमचा सांगाडा बहुतांशी रिव्हेटने जोडलेला असतो. त्यासाठी वापरायचा मिश्रधातू बाजारच्या पत्र्यासारखा नसतो. सर्वांत परिचित जातीत चार टक्क्यांहून थोडे अधिक तांबे आणि थोडे मॅग्नेशियम असते, आणि ठरावीक उष्णतेची प्रक्रिया करून त्याला बळ आणलेले असते. तेथे वेल्डिंगची ज्योत लावली की ते बळ तेवढ्या जागी नाहीसे होते. वरून सांधा सुरेख दिसतो, पण आत धातू मऊ पडलेला असतो. हलक्या विमानांत वेल्डिंग चालते ते विशिष्ट पोलादाच्या नळ्यांचे, आणि तेही त्या कामात हात बसलेल्या माणसाकडून.

रिव्हेटचे छिद्र ही तर स्वतंत्र विद्याच आहे. छिद्र पाडल्यावर कडेला बारीक कंगोरा राहतो. ट्रॉलीत त्याकडे कोणी पाहत नाही. विमानात तो घासून काढावाच लागतो, कारण तेथूनच तडा सुरू होण्याची भीती असते. १९५४ साली जानेवारीत आणि एप्रिलमध्ये इंग्रजांची दोन ‘कॉमेट’ जेट विमाने भूमध्य समुद्रावर आकाशातच फुटली. जगातले पहिले प्रवासी जेट विमान ते; बांधणारे नवशिके नव्हते. फार्नबरो येथे एक पूर्ण विमान पाण्याच्या टाकीत ठेवून, आतला दाब पुन्हा पुन्हा वाढवून-घटवून तपासले, तेव्हा धातू थकतो हे उमगले. समुद्रातून काढलेल्या अवशेषांत छतावरच्या एका चौकटीच्या कोपऱ्याजवळ, रिव्हेटच्या छिद्रापाशी तड्याचे मूळ सापडले.

भाचा बराच वेळ गप्प होता. येवल्याच्या पुढे अंकाई-टंकाईचे जोडडोंगर दिसू लागले. पायथ्याच्या जैन लेण्यांपाशी आम्ही थोडे थांबलो. खांबांवरची नक्षी पाहून तो म्हणाला, “यांना एक घाव चुकला असता तर?” कातळाला ठिगळ लावता येत नाही, हे त्याला मी सांगावे लागले नाही.

मनमाडला जेवताना मी त्याला यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीची हकीगत सांगितली. वर्तमानपत्रांत ती सविस्तर आली होती. चोवीस वर्षांचा वेल्डिंग कारागीर, शिक्षण आठवीपर्यंत, हातात विलक्षण कसब. मोटारीचे इंजिन बसवून त्याने हेलिकॉप्टर बांधले. १५ ऑगस्टला गावाला दाखवायचे म्हणून २०२१ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री त्याने ते जमिनीवरच चालवून पाहिले. मागच्या पंख्याचे पाते तुटले, मुख्य पंख्यावर आदळले आणि त्याचा आघात त्याच्या डोक्यावर झाला. मुलगा गेला. त्याच्या हातात कमी होते असे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नाही. त्याच्या शेजारी उभे राहून, ‘थांब, हे पाते आधी तोलून पाहू, यंत्र दुरून चालू करू, तू मधे बसू नकोस,’ असे सांगणारा जाणता माणूस नव्हता. आपल्या तालुक्या-तालुक्यांत असे हात आहेत, त्यांचे कौतुक करणारी चित्रफीत काढायला माणसे धावतात, तपासायला कोणी येत नाही. याचे मला फार वाईट वाटते.

परदेशात हौसेने विमाने बांधणाऱ्यांनी हे ओळखले. अमेरिकेत १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा मंडळींची संघटना स्थापन केली. तिच्यात काम चालू असताना अनुभवी सभासद घरी येऊन पाहून जातात. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौसेसाठी स्वतः बांधला पाहिजे, हा तेथला नियम. पण पहिले उड्डाण झाले म्हणून काम संपत नाही. पुढचे पंचवीस ते चाळीस तास ठरवून दिलेल्या क्षेत्रातच, चाचणी म्हणून, उडवावे लागते.

आपल्या मुलखात हे ज्ञान अगदीच नाही असे नव्हे. आमच्या अहिल्यानगरात, म्हणजे जिभेवरच्या जुन्या नगरात, संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. तिने बंगळूरच्या संस्थांबरोबर ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठी पंचावन्न अश्वशक्तीचे फिरत्या दट्ट्याचे व्हँकेल इंजिन तयार केले, आणि २००९ च्या मार्चमध्ये कोलार येथे ते विमान त्या इंजिनावर उडाले. बंगळूरचा विमान कारखाना १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत काढला तो आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, हे तर आपल्या वाचकांना सांगायला नको.

मालेगाव मागे पडले तेव्हा विषय वजनाकडे वळला होता, आणि तेथे मामाचे ज्ञान उपयोगी पडले. आम्ही तराजूवर जगलेली माणसे. विमानाच्या तीन चाकांखाली तीन काटे ठेवतात. प्रत्येक काट्यावरचे वजन आणि ते चाक ठरावीक खुणेपासून किती दूर आहे ते अंतर, यांचा गुणाकार. बेरीज करून एकूण वजनाने भागले की विमानाचा तोल कोठे आहे ते कळते. तो तोल मर्यादेपेक्षा मागे गेला तर नाक वर उचलले जाते आणि वैमानिकाला ते खाली आणता येत नाही. शेपटाकडे ठेवलेली एक जड पिशवीदेखील हिशेब बिघडवते. भाच्याने हे लगेच पकडले. एका बाजूला जास्त भरलेली ट्रॉली कशी उलटते, हे त्याने आयुष्यभर पाहिले आहे.

गोंदूरला पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. विमानतळ म्हणजे शिर्डीसारखा गजबजाट नव्हे. कुंपण, हँगर आणि मोकळ्या माळावर आखलेली धावपट्टी. येथे उड्डाणाचे शिक्षण चालते. परवानगीवाचून आत जाता येत नाही, म्हणून आम्ही कुंपणाबाहेरच उभे राहिलो. एक लहान विमान धावपट्टीला टेकले, न थांबता पुन्हा उचलले, वळसा घालून परत आले, पुन्हा टेकले. तेच, तेच, तेच. भाच्याने नऊ फेऱ्या मोजल्या. नवे विमानही असेच हळूहळू आकाशात जाते, हे मी त्याला सांगितले : आधी सावकाश जमिनीवर चालविणे, मग वेगाने, ब्रेक आणि सुकाणू तपासणे, इंजिन तापते का पाहणे, दर वेळी आत आणून उघडणे, आणि मग उडणे.

परतीच्या वाटेवर त्याने खिशातला कागद काढला. पंख किती भार सोसेल ते कसे ठरवितात, हे त्याला हवे होते. मी जे वाचले होते ते सांगितले. साध्या हलक्या विमानाच्या पंखांनी विमानाच्या वजनाच्या ३.८ पट भार कायमचे न वाकता सोसावा, आणि त्यावर दीडपट सुरक्षेसाठी. पंख उलटा टांगून त्यावर वाळूची पोती रचतात आणि मोजत जातात.

त्याने सहाशे किलोचे विमान धरले. गुणाकार केला. “तीन हजार चारशे वीस किलो,” तो म्हणाला. मग राहुरी फॅक्टरीचाच मुलगा तो, त्याने पन्नासाने भागले. “साखरेची अडुसष्ट पोती, मामा. आणि वर वीस किलो.”

थोड्या वेळाने म्हणाला, “आधी पंखाचा एक तीन फुटी तुकडाच करतो. त्याच्या वाट्याची पोती ठेवून मोडेपर्यंत पाहतो. कुठून मोडतो ते कळेल. अन् विमानाचं काम येणारा एखादा माणूस गाठून, पत्रा झाकायच्या आधी आतलं त्याला दाखवतो.”

कोपरगावला गोदावरीवर होतो तेव्हा बहिणीचा फोन आला. “काय ठरलं, दादा?”

“विमान नाही अजून,” मी म्हटले. “दुकानातली रिकामी पोती पाठवायचीत तेवढी.”