खोक्यावर एक, पोटात दुसरंच

जुनी मॉडेल इंजिनं दुरुस्त करणारा माणूस इंजिन हाती आलं की आधी ते उलटं करतो. रंग, नंबर, खिडक्यांच्या चौकटी हे सगळं नंतर. पोटाखालच्या प्लास्टिकवर बारीक उठावदार अक्षरांत देशाचं नाव असतं: इटली, ऑस्ट्रिया, युगोस्लाव्हिया, हाँगकाँग. खोक्यावर मात्र फिलाडेल्फियाच्या नाहीतर इंग्लंडच्या एखाद्या कंपनीचं नाव झळकत असतं. दुकानातल्या गिऱ्हाइकाला तेवढं पुरतं. दुरुस्तीवाल्याला पुरत नाही, कारण मोटर कुठल्या जातीची, वीज किती चाकांतून येते, गिअर कशाचे, याचा पत्ता खोक्यावर लागत नाही. पोटावर लागतो.

स्वस्त इंजिनात काटकसर होते तीही पोटातच. वरचं कवच बहुतेक वेळा चांगलंच असतं. पोलादी साचा कोरून घ्यायला एकदाच काय तो मोठा खर्च. पुढे त्यातून हजार कवचं काढा की लाख, प्लास्टिकचे पैसे किरकोळ. मोटर, गिअर, चाकं, वजनाचा धातू आणि जुळणीची मजुरी यांचं तसं नाही. ती दर नगामागे मोजावी लागतात. त्यामुळे या धंद्यातल्या व्यापाऱ्यांची नजर नेहमी दोन गोष्टींवर राहिली: मजुरी कुठे स्वस्त पडते आणि पोटातलं काय काय गाळता येतं.

दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांना इटली सापडली. १९४५ साली अलेस्सांद्रो रोस्सी यांनी कोमो इथे रिव्हारोस्सीचा पाया घातला आणि पुढच्याच वर्षी विचेन्झात लिमा उभी राहिली. लिमा सुरुवातीला धातूचे सुटे भाग करी. खेळण्यातल्या रेल्वेकडे ती नंतर वळली. दोघींचे स्वभाव निराळे. रिव्हारोस्सीला तपशिलाची हौस, लिमाला कमी किमतीची. अमेरिकेत त्या काळी बारकाईने केलेलं वाफेचं इंजिन हवं असेल तर जपानमध्ये हाताने जुळवलेलं पितळी मॉडेल घ्यावं लागे आणि ते सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेर असे. फिलाडेल्फियाच्या एएचएम या कंपनीने रिव्हारोस्सीची प्लास्टिकची इंजिनं आणून ही कोंडी फोडली. त्यांत युनियन पॅसिफिक रेल्वेचं ‘बिग बॉय’ही होतं. मूळ इंजिन कोळशा-पाण्याच्या टेंडरसह सुमारे ४० मीटर लांब, सोळा मोठ्या चाकांचं. १:८७ या एचओ प्रमाणात ते जवळजवळ अर्धा मीटर भरतं.

या इटालियन इंजिनांचा खरा त्रास चाकांचा. रुळावरून चाक घसरू नये म्हणून त्याला आतल्या बाजूने कड असते, तिला फ्लँज म्हणतात. घरात जमिनीवर मांडलेल्या, तीव्र वळणांच्या रुळांवरही गाडी टिकावी म्हणून युरोपातल्या खेळण्यांची फ्लँज खोल ठेवत. अडीच मिलिमीटर उंचीच्या रुळावर ती निभावते. पण हौशी लोक हळूहळू खऱ्यासारखे दिसणारे बारीक रूळ वापरू लागले आणि त्यांवर हीच फ्लँज रूळ धरणाऱ्या प्लास्टिकच्या खिळ्यांना लागू लागली. इंजिन चालतं, पण टकटक करत, खिळ्यागणिक. अमेरिकेच्या राष्ट्रीय मॉडेल रेल्वे संघटनेने चाकाचा आकार ठरवून देणारी आरपी-२५ ही शिफारस केली होती. स्वस्त आयात माल तिच्याकडे बराच काळ काणाडोळा करत राहिला. मग चाक काढून लेथवर धरायचं आणि फ्लँज उतरवायची, एवढाच मार्ग उरे.

लिमाचं डिझेल इंजिन उघडणं हा वेगळाच अनुभव. कवच दोन्ही बाजूंनी अलगद फाकवून उचललं की आत बहुतांशी पोकळी. वजनाचा एक धातूचा तुकडा, दोन वायरी आणि एका बोगीत, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या गाड्यात, बसवलेली चपटी गोल मोटर, तिला हौशी लोक पॅनकेक मोटर म्हणतात. काळं झाकण काढलं की मोटरला वीज पोचवणारा तांब्याचा सपाट कम्युटेटर दिसतो, तीन भागांत चिरलेला, आणि त्यावर समोरून टेकणारे दोन कार्बन ब्रश. मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर शेजारच्या गिअरला फिरवतो, तो चाकाच्या गिअरला. वर्म गिअर नाही, लांब शाफ्ट नाही, दुसऱ्या बोगीला जोड नाही. हीच मोटर कुठल्याही कवचाखाली बसते. स्वस्ताईचं सगळं गणित या एका बोगीत आहे.

तिची किंमतही तिथेच चुकवावी लागते. या बोगीच्या एका बाजूच्या चाकांवर पकड यावी म्हणून रबरी पट्ट्या चढवलेल्या असतात आणि रबरातून वीज येत नाही. म्हणून एका रुळाची वीज मोटरच्या बोगीतून आणि दुसऱ्या रुळाची मागच्या बोगीतून घ्यायची, अशी वाटणी. रुळावर जरा धूळ बसली, सांध्याच्या प्लास्टिकवर नेमकं एखादं चाक आलं, की इंजिन अडतं. ब्रश झिजून त्यांची काळी पूड कम्युटेटरच्या चिरांत भरते. मोटर जास्त करंट ओढते, तापते, किरकिरते. टोकदार काडीने त्या तीन चिरा साफ करायच्या, बेअरिंगना तेलाचा जेमतेम थेंब द्यायचा आणि तो कम्युटेटरपर्यंत पोचू द्यायचा नाही. एवढ्याने बरीच इंजिनं पुन्हा चालतात. ज्यांना संथ वेग हवा असतो ते ही मोटर काढून तिच्या जागी जुन्या सीडी ड्राइव्हमधली छोटी मोटर बसवतात.

लिमा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये उतरली ती एचओ प्रमाण घेऊन, आणि तिथे फसली. ब्रिटिश इंजिनं मुळात अमेरिकन इंजिनांपेक्षा अंगाने लहान. १:८७ मध्ये त्यांच्या पोटात त्या काळची मोटर मावेना, म्हणून ब्रिटिश उत्पादकांनी पूर्वीच वाहनं १:७६ च्या ओओ प्रमाणात केली होती आणि रूळ मात्र एचओचेच, १६.५ मिलिमीटरचे, ठेवले होते. घरोघर ओओचे डबे असताना त्यांच्यापुढे लिमाचं बुटकं इंजिन कोण जोडणार? दशक संपायच्या आत लिमाही ओओकडे वळली आणि मग मात्र जोरात चालली. १९८०च्या दशकात ब्रिटिश रेल्वेने मालवाहतूक, लंडनभोवतीच्या गाड्या, लांब पल्ल्याच्या गाड्या असे विभाग पाडून प्रत्येकाला आपला रंग दिला. लिमाच्या ते पथ्यावर पडलं. साचा तोच, मोटर तीच, छपाई नवी; एकेका डिझेल इंजिनाच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या आणि लोकांनी त्या हौसेने जमवल्या.

अमेरिकेत याच सुमारास पोटावरची नावं भराभर बदलत होती. युगोस्लाव्हियातल्या इझोला गावची मेहानो कंपनी अमेरिकन खोक्यांसाठी इंजिनं करत होती. ॲटलस कंपनीने १९७०च्या दशकात ऑस्ट्रियाच्या रोकोकडून डिझेल इंजिनं करून घेतली आणि १९८०च्या दशकात जपानच्या काटोकडून. काटोच्या इंजिनात मोटर मधोमध, तिच्या दोन्ही टोकांना फ्लायव्हील म्हणजे जड चकत्या, दोन्ही बोग्यांना गती आणि सगळ्या चाकांतून वीज. रुळावर मळ असला तरी इंजिन अडखळत नाही, कारण फ्लायव्हीलचा जोर त्याला क्षणभर पुढे नेतो. एकदा ते हाताळल्यावर लोक स्वस्त मालाकडूनही तीच अपेक्षा करू लागले.

ती अपेक्षा पुढे पुरी केली हाँगकाँगने आणि नंतर चीनने. १९४८ साली हाँगकाँगला सुरू झालेली केडर ही कंपनी अमेरिकेच्या बाकमन कंपनीला माल पुरवी. १९७६ मध्ये ब्रिटनच्या पॅलिटॉय कंपनीने ‘मेनलाइन’ नावाने इंजिनं आणली, तीही केडरच्याच कारखान्यातली. त्यांचा सांगाडा उभा दोन भागांत चिरलेला. डावा भाग डाव्या रुळाची वीज घेतो, उजवा उजव्याची, त्यामुळे वायरी जवळपास लागतच नाहीत. जुळणी झटपट होते. मात्र प्रत्येक आसही मधे तोडून प्लास्टिकच्या नळीने जोडावा लागतो. वाफेच्या इंजिनात एका बाजूची चाकं दुसऱ्या बाजूच्या चाकांपेक्षा पाव फेरा पुढे बसवलेली असतात. ती नळी तडकली की तो पाव फेरा चुकतो आणि चाकांना जोडणारे दांडे अर्ध्यावर जाम होतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं मोटर गेली.

बाकमन पुढे केडरनेच घेतली. पॅलिटॉयने धंदा आवरला तेव्हा मेनलाइनचे साचे केडरकडेच होते. १९८९ मध्ये बाकमनची युरोपातली कंपनी निघाली आणि त्या साच्यांतला माल तिच्या नावाने बाजारात आला. एअरफिक्स या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या साच्यांनी आणखी घरं बघितली. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या १४०० वर्गाचं छोटं टाकीवालं इंजिन आधी एअरफिक्सच्या खोक्यात होतं, नंतर डॅपोलच्या, मग हॉर्नबीच्या. हॉर्नबीने १९९०च्या दशकात आपलं उत्पादन इंग्लंडमधल्या मार्गेटहून चीनला हलवलं आणि २००४ मध्ये बुडालेल्या लिमाचे साचेही घेतले. त्यांतली काही कवचं ‘रेलरोड’ या तिच्या स्वस्त मालिकेत नव्या मोटरवर चढली.

भारतातल्या हौशी लोकांच्या दृष्टीने या इंजिनांचं महत्त्व कवचात नाहीच. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथली धावती मांडणी पाहून बाहेर पडणाऱ्या पोरांना आपली डेक्कन क्वीन हवी असते. ती परदेशी खोक्यात मिळत नाही. मग आयात इंजिनाचं कवच उतरवून त्याच्या चासीवर प्लास्टिकच्या पत्र्यातून कापलेलं भारतीय कवच बसवतात. यातही तडजोड आहेच. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे १:८७ मध्ये १९.३, चासी मात्र १६.५ची. डब्ल्यूडीएम-२ हे भारतीय डिझेल इंजिन करणाऱ्याचं नशीब थोडं बरं. खरी डब्ल्यूडीएम-२ १९६२ मध्ये अमेरिकेच्या आल्को कंपनीकडून आयात झाली आणि १९६४ पासून वाराणसीत बनू लागली, त्यामुळे तिच्या बोग्या आल्कोच्या घराण्यातल्या: तीन आस, पण त्यांच्यातलं अंतर असमान. आल्कोच्या आरएसडी जातीच्या अमेरिकन मॉडेलखाली त्याच ठेवणीच्या बोग्या मिळतात. जुन्या बाजारात असं मॉडेल हाती आलं तर जाणकार रंगाकडे पाहत नाहीत. उलटं करून प्रत्येक आस बोटाने फिरवतात, आसावरच्या पांढऱ्या गिअरला चीर गेली आहे का ते भिंगातून बघतात आणि मगच भावाला बसतात.