मापात पाप

कागदावर अर्धेली म्हणजे पीक मालक आणि कुळात निम्मं-निम्मं. अमेरिकेतल्या मिसिसिपीत टाउनसेंड हे कृष्णवर्णीय कुटुंब वर्षाला कापसाच्या ५०-६० गाठी काढायचं. बियाणं, खत, मळ्यावरच्या दुकानाची उधारी वजा झाली की हाती काही उरत नसे. वही गोऱ्या मालकाची, बेरीजही त्याचीच. ती तपासायला मागणं म्हणजे जिवाशी खेळ.

*

टाउनसेंडांच्या वीस भावंडांतली शेंडेफळ फॅनी लू, जन्म १९१७. सहा वर्षांची असताना मालकाने विचारलं, ३० पौंड कापूस वेचशील? दुकानातला खाऊ देईन. पोरीने वेचला. पुढच्या खेपेला ६० पौंड.

*

हंगाम सरला की आई लू एला पोरांना घेऊन सरवा वेचत रानोरान फिरायची. पायांत चपला नाहीत, चिंध्या गुंडाळलेल्या.

*

वडिलांनी पै-पै साठवून खेचरं, गाई, अवजारं घेतली. आता जमीन खंडाने करायची. कोणीतरी जनावरांच्या खाद्यात पॅरिस ग्रीन कालवलं. कीड मारायचं आर्सेनिकचं विष. जनावरं मेली, नांगर थांबला, कुटुंब पुन्हा अर्धेलीवर. हे गोऱ्याचंच काम, असं फॅनी लू पुढे सांगत. वंशद्वेष म्हटलं की आपल्याला मशाली आणि पांढरे बुरखे आठवतात. मला ही हिरवी भुकटी जास्त भयंकर वाटते. ती टाकणाऱ्याला शेतीचं अर्थशास्त्र पक्कं ठाऊक होतं.

*

लग्नानंतर फॅनी लू हेमर दुसऱ्या मळ्यावर हजेरी आणि वजनं मांडायच्या. मालकाच्या काट्याचं वजन खोटं. त्या स्वतःचं खरं वजन सोबत न्यायच्या आणि मालक नसला की तेच लावायच्या. नागरी हक्क चळवळीतल्या त्यांच्या गाजलेल्या भाषणांपेक्षा मला हे बंड मोठं वाटतं.

*

३१ ऑगस्ट १९६२. मतदार नोंदणीसाठी इंडियनोलाला. मिसिसिपीच्या राज्यघटनेच्या १६व्या कलमाचा अर्थ सांगा म्हणे! परतताना पोलिसांनी त्यांची बस अडवली: रंग फार पिवळा, शाळेच्या बससारखा. दंड १०० डॉलर, घासाघीस होऊन ३०. (म्हणजे रंगाचा गुन्हा बसलाही लागू.) त्याच रात्री या नोंदणीवरून मालकाने त्यांना मळ्याबाहेर काढलं. नवऱ्याला मात्र वेचणी संपेपर्यंत ठेवून घेतलं.

*

१९६९ मध्ये त्यांनी फ्रीडम फार्म ही सहकारी शेती उभारली, सुरुवातीला ४० एकरांवर. सोबत डुकरांची बँक: घराला एक मादी द्यायची, पिल्लं झाली की त्यांतली काही बँकेत परत. पुढे देणी थकली आणि शेती गेली. तोवर शेकडो घरांत मांस आणि भाजीपाला पोचला होता.